डिजिटल आवाज ‘सुधारणाऱ्या’ महागड्या वायरी आणि डब्या: खिशात हात घालायच्या आधी घरीच तपासायचं कसं

दोन वर्षांपूर्वी मी १८,००० रुपयांची यूएसबी वायर घेतली. दीड मीटर लांब, वरून काळी जाळी, टोकाला चकचकीत प्लग, आणि साखरपुड्याची अंगठी येते तसल्या मखमलीच्या डबीत. तिच्या पाठोपाठ १४,००० चा ‘ऑडिओ ग्रेड’ लॅन स्विच (घरातल्या इंटरनेटच्या वायरी एकमेकींना जोडायची डबी) आला आणि मग ९,००० चा वेगळा पॉवर सप्लाय. एकूण ४१,०००. घरी मी ‘चार-पाच हजार गेले’ एवढंच सांगितलं होतं, ते कसं उघडं पडलं ते पुढं येईलच.

आणि खोटं कशाला बोलू, मला फरक ऐकू आला होता. तबला जास्त सुटा, गळा जास्त गोड, दोन सुरांमधली शांतता जास्त काळी, असलं सगळं मी मित्रांना फोन करून सांगत होतो. नंतर एका रविवारी सगळं उलगडलं.

सांगली-मिरज-कुपवाडकडं सध्या बरीच पोरं पगारातून पैसे साठवून पहिली हायफाय सिस्टिम घेतायत आणि स्पीकर घेऊन होईपर्यंत त्यांच्या गळ्यात आणखी तीन वस्तू पडलेल्या असतात, म्हणून मी जे आधी करायला पाहिजे होतं ते इथं क्रमानं लिहितोय. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण लागत नाही, एक रविवार लागतो.

आधी एवढं जवळ घ्या

- लॅपटॉप, त्यात फूबार२००० हे फुकटचं प्लेअर, आणि त्याचे एबीएक्स (नाव झाकून दोन फाइली ऐकवणारा) आणि बायनरी कंपॅरेटर (दोन फाइलींमधले आकडे ताडून बघणारा) हे दोन जोड (दोन्ही फुकट)
- सेव्हन-झिप, तेही फुकट
- प्रिंटरबरोबर आलेली साधी यूएसबी वायर आणि राउटरबरोबर आलेली लॅन वायर, कपाटात कुठंतरी असतेच
- एक रुपयाचं नाणं, वही, पेन
- एक जुनी चादर, आडोशाला
- ज्याला या विषयात काडीचा रस नाही असा घरातला एक माणूस
- वस्तूचं जीएसटी बिल, वॉरंटी कार्ड, जाहिरातीतल्या दाव्यांचे स्क्रीनशॉट आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ

शेवटचं लोक हसण्यावारी नेतात. नेऊ नका.

पायरी १: आकडे कुठवर जातात ते कागदावर काढा

चित्र सोपं असतं. मोबाईल किंवा लॅपटॉप, त्यातून वायर, मग डॅक (आकड्यांचा आवाजाचा करंट करणारी डबी), मग अँप्लिफायर, मग स्पीकर. डॅकवर एक लाल रेघ मारा. रेघेच्या अलीकडं डिजिटल, पलीकडं अ‍ॅनालॉग. वायरीतून दोन्हीकडं करंटच धावतो हे खरं, पण अलीकडच्या करंटमधून समोरच्यानं फक्त शून्य की एक एवढंच वाचायचं असतं, आणि पलीकडच्या करंटची चढउतार हाच आवाज असतो. त्यामुळं पलीकडं घरघर शिरली तर ती स्पीकरमधून ऐकू येते, अलीकडं थोडी शिरली तरी शून्याचा एक होत नाही.

सीडी १९८२ साली बाजारात आली, फिलिप्स आणि सोनी दोघांनी मिळून तिचे नियम ठरवले. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजायचा, दर वेळी १६ बिटमध्ये (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक), डावा-उजवा दोन्ही. गुणाकार करा, १४,११,२०० बिट दर सेकंदाला. आणि साधी यूएसबी २.० ची वायर सेकंदाला ४८ कोटी बिट वाहायला बनलेली असते, म्हणजे साधारण ३४० पट. सहापदरी हायवेवरनं एक लुना चाललीय, तिला रस्ता कमी पडतो म्हणून सातवी लेन विकत घ्या असं कोण सांगायला लागला तर आपण काय म्हणू?

मला हे ज्या दिवशी डोक्यात बसलं तो दिवस सातबाऱ्याचा होता. गावाकडच्या जमिनीचा उतारा ऑनलाइन काढत होतो आणि सहज मनात आलं की ही पीडीएफ मी १४,००० च्या स्विचमधून उतरवतोय, जमीन गुंठाभर वाढली का? अक्षरं जास्त काळी झाली का? फाइल आली तर पूर्ण येते, नाहीतर येतच नाही. गाण्याची फाइल काही वेगळ्या मातीची नसते. लॅनवरनं पाठवताना एखादा तुकडा गळाला तर तो परत मागवला जातो आणि प्लेअर काही सेकंदांचं गाणं आधीच साठवून बसलेला असतो.

यूएसबीवरनं डॅककडं जाताना मात्र गळालेला तुकडा परत मागवत नाहीत, विक्रेते हेच धरून बसतात. ठीक आहे, पण वायर खरंच खराब असली तर काय होतं? टक् वाजतं, आवाज क्षणभर तुटतो, किंवा डॅकच गायब होतो. ‘सतारीचा गोडवा जरा कमी झाला’ असं होत नाही, कारण चुकलेल्या बिटला गोडवा कुठला आणि ठेका कुठला हे कळत नाही. सीडीवर तर याहून जास्त सोय आहे, सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा ओरखडा आकड्यांच्या हिशोबानं पूर्ण भरून काढता येतो.

पायरी २: विक्रेत्याचा दावा शब्दाला शब्द लिहून घ्या

दुकानात असताना सगळं पटतं. सोफा असतो, चहा येतो, दिवे मंद असतात. म्हणून वहीत लिहून घरी आणा आणि मग सकाळी उजेडात वाचा. मला भेटलेले दावे साधारण असे:

‘जिटर कमी होतो.’ जिटर म्हणजे आकडे वाचायच्या वेळेत झालेली सूक्ष्म मागंपुढं. ही खरी गोष्ट आहे, थाप नाही. पण किती झाली की कानाला कळते? १९९८ साली ऑडिओ इंजिनिअरांच्या संस्थेत यावर एक निबंध मांडला गेला, त्यात संगीत ऐकताना ती साधारण २० नॅनोसेकंदांच्या वर गेल्यावरच लोकांना कळायला लागली, आणि २००५ मध्ये जपानमधल्या एका प्रयोगात तर तो आकडा शेकड्यांत निघाला. आजच्या साध्या बऱ्या डॅकमध्ये ती एका नॅनोसेकंदाच्या कितीतरी खाली असते. शिवाय आताच्या बहुतेक यूएसबी डॅकमध्ये घड्याळ डॅकच्या पोटात असतं, लॅपटॉपनं आकडे कधी द्यायचे ते डॅक सांगतो. मग मधल्या वायरीनं घड्याळ सुधारायचं कसं? हा प्रश्न मी विचारला तेव्हा मला ‘सर, तुम्ही ऐकून बघा ना’ एवढंच उत्तर मिळालं.

‘वायरीला दिशा असते, बाण बघून लावा.’ २००८ च्या सुमारास डेनॉन कंपनीनं दीड मीटरची एक लॅन वायर ४९९ डॉलरला काढली होती, तिच्यावर बाण छापलेले होते आणि जगभर त्या वायरीची जी थट्टा झाली ती अजून संपलेली नाही. लॅनवर डेटा दोन्हीकडं पळतो, बाणाचं काय करायचं?

‘सीडीच्या कडेला हिरवं पेन फिरवा.’ हे नव्वदच्या दशकातलं, आता हसू येतं पण तेव्हा पैसे देऊन लोक असली पेनं घेत होते. आपल्या स्विचवर वीस वर्षांनी पोरं अशीच हसणार आहेत.

‘२०० तास वाजू द्या, मग आवाज खुलतो.’ हा सगळ्यात बेरकी दावा, इथं थांबून हिशोब करा. रोज दोन तास वाजवलं तर २०० तासांना शंभर दिवस लागतात. वस्तू परत करायची मुदत असते सात किंवा दहा दिवस. बाकी काही समजलं नाही तरी एवढं समजून घ्या.

पायरी ३: फाइल बदलते का ते मशीनला विचारा

स्विच आणि लॅन वायरीसाठी ही चाचणी दहा मिनिटांची आहे. एक गाण्याची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं किंवा घरच्या स्टोरेजवरनं आधी साध्या वायरीनं उतरवा, मग महागड्या वायरीनं आणि महागड्या स्विचमधनं उतरवा. दोन्हीवर राइट क्लिक, सेव्हन-झिपच्या मेनूत सीआरसी एसएचए, त्यात एसएचए-२५६. एक लांबलचक आकडा येतो, फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी तो आकडा पार वेगळाच येतो. माझे दोन्ही आकडे शेवटच्या अक्षरापर्यंत तेच आले. मी चष्मा पुसून पुन्हा बघितले.

सीडीवरनं गाणी कॉपी करत असाल तर एकच सीडी दोनदा कॉपी करा, एकदा साध्या ड्राइव्हवर आणि एकदा तुमच्या ‘खास’ ड्राइव्हवर किंवा ते हिरवं पेन फिरवून, आणि फूबारच्या बायनरी कंपॅरेटरला दोन्ही द्या, तो फरक आहे की नाही ते सांगतो. (दोन ड्राइव्हमध्ये सुरुवातीला काही सॅम्पल मागंपुढं होतात, त्याला ऑफसेट म्हणतात, त्यानं घाबरू नका, तो सरकवून तुलना करता येते.)

इथं एक खड्डा आहे. विंडोज स्वतःच आवाजात हात घालतं. साउंड सेटिंगमध्ये ४८,००० ठेवलं असेल आणि गाणं ४४,१०० चं असेल तर ते आधी बदलून मग पुढं जातं, अँड्रॉइडवरही बहुतेक वेळा हेच. फूबारमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह निवडलं की हे मधलं दुकान बंद होतं. हा बदल सुद्धा कानाला कळेलच असं नाही, पण निदान फुकट आहे.

पायरी ४: नाव झाकून ऐका

हीच खरी पायरी, बाकी सगळ्या गाळल्या तरी चालतील.

त्या रविवारी सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या घराच्या हॉलमध्ये मी, माझा गावभागातला मित्र, बायको, दहा वर्षांचा भाचा आणि मिरजेचे एक काका असे होतो. काका तंबोरे करणाऱ्या घरातले, आयुष्य तारा लावण्यात गेलेलं. मी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, म्हटलं माझे कान राहू देत, यांना तर कळेलच.

पद्धत अशी ठेवा. लॅपटॉप आणि डॅक चादरीच्या मागं. व्हॉल्यूमच्या बटणाला चिकटपट्टी, कोणी हात लावायचा नाही, कारण जरा मोठा वाजलेला आवाज माणसाला नेहमी ‘चांगला’ वाटतो आणि असल्या तुलनेत निम्मी फसवणूक तिथंच होते. गाणं एकच, त्यातला वीस सेकंदांचा एकच तुकडा. आधी दोन्ही वायरी उघड्यावर, नाव सांगून, हवं तेवढं ऐका. मग चादरीमागच्या माणसानं नाणं उडवायचं, छापा आला तर महागडी, काटा आला तर प्रिंटरची, आणि वहीत लिहायचं. दर वेळी वायर काढून परत लावायची, तीच ठेवायची असली तरी. नाहीतर खडखडाट झाला की नाही यावरनंच ऐकणारा ओळखतो. चादरीमागच्या माणसानं बोलायचं नाही आणि तोंड दाखवायचं नाही. आमच्याकडं हे काम बायकोनं केलं.

ऐकणाऱ्यानं दर वेळी कुठली वायर ते सांगायचं, असं १६ वेळा करायचं, आणि हा आकडा आधीच ठरवायचा. पाच बरोबर आले की ‘बघा, झालं सिद्ध’ म्हणून उठायचं नाही. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आले तर ते निव्वळ नशिबानं यायची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते, म्हणजे मग बोलायला जागा आहे. आठ-नऊ म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

माझे आले सात. मित्राचे नऊ. काकांनी चार वेळा ऐकलं आणि हात वर केले. “मला तर एकच वाजतंय बाबा. तुम्ही काय बदलताय तिकडं?”

मित्राला ते सोसेना. “आज लाइटच डीम हाय मर्दा, रातच्याला करू. रातच्याला करंट स्वच्छ आस्तो.” रात्री अकराला परत बसलो. त्याचे सहा आले.

याच दरम्यान चादरीमागनं बायकोचा आवाज आला, “ही डबी अठरा हजारांची आहे?” बिल मी डबीतच ठेवलं होतं. कागदपत्रं जपा म्हणतो खरं, पण कुठं जपायची तेही बघा.

काका निघताना मात्र जे झालं ते मी विसरणार नाही. आमच्याकडं आईचा जुना तंबोरा आहे, मिरजेचाच. काकांनी तो मांडीवर घेतला, एक तार छेडली, आणि घोडीवर तारेखाली जो सुताचा दोरा असतो तो नखानं किंचित पुढं सारला. तांदळाच्या दाण्याएवढं सुद्धा नाही. आवाज उघडला, सगळी खोली झणझणायला लागली. मग दोरा मागं घेतला, आवाज मिटला. भाच्याला म्हणाले डोळे मीट आणि सांग, उघडी की बंद. पोरगा एकदाही चुकला नाही. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.

मला वाटतं आपण फसतो ते इथंच. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, आपल्या भागात बिनगाण्याच्या माणसाला सुद्धा माहीत असतं की सुताच्या एका दोऱ्यानं जवारी (तारेची ती झणझण) बदलते. मग कोणी म्हणालं की चांदीच्या तारेनं आवाज बदलतो तर ते खरंच वाटणार. फक्त तंबोऱ्याचा दोरा हलत्या तारेला शिवतो आणि यूएसबीची वायर आकडे पोचवते. दोऱ्याचा फरक डोळे मिटून कळतो. वायरीचा फरक डोळे उघडे असतील आणि किंमत माहीत असेल तरच कळतो.

घरात दुसरं माणूस नसेल तर फूबारचं एबीएक्स वापरा. ते वायरींसाठी चालत नाही, पण दोन फाइलींसाठी मस्त आहे, उदाहरणार्थ सीडीच्या दर्जाची फाइल आणि ‘हाय-रेझ’ (सीडीपेक्षा बारीक मोजलेली) म्हणून जादा पैसे घेतात ती. त्याबद्दल एक माहिती देऊन ठेवतो. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी बॉस्टनकडं लोकांना हाय-रेझ ऐकवलं आणि मधेच गुपचूप तोच आवाज सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला, कुठला कुठला ते ओळखायचं होतं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर उत्तर आलं. ४९.८ टक्के.

चाचणीसाठी गाणं निवडताना अजून एक. आमच्या मित्रानं आधी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याचं, जुन्या ७८ च्या तबकडीवरनं उतरवलेलं रेकॉर्डिंग आणलं होतं आणि ‘महागड्या वायरीनं खरखर कमी होते’ असं म्हणत होता. खरखर तबकडीत आहे, ती आकड्यांतही आहे, कुठल्याच वायरीनं ती जाणार नाही. नवीन, स्वच्छ रेकॉर्डिंग घ्या.

पायरी ५: खरंच घरघरत असेल तर बिघाड शोधा

सगळेच वेडे नसतात. काही जण असल्या डब्यांकडं वळतात कारण त्यांच्या स्पीकरमधून खरोखर हूंऽऽ असा आवाज येत असतो. माझ्या त्याच मित्राचं तसं होतं. लॅपटॉप लावला की घरघर, माउस हलवला की किर्रर्र. त्यानं २२,००० चा ‘पॉवर प्युरिफायर’ घेतला. घरघर तिथंच.

मी गेलो तेव्हा सहज त्याच्या लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकवलं तर झिणझिण्या आल्या. चार्जर काढला, बॅटरीवर टाकला, झिणझिण्या गेल्या आणि घरघरही गेली. तिथंच उत्तर होतं. त्याच्या घरात २०१९ च्या पुरात पाणी शिरलं होतं, नंतर बोर्ड बदलले, रंग झाला, पण अर्थिंगची तार कोणी बघितलीच नव्हती. वायरमननं खड्डा उकरला तर तार पाटीपाशी गंजून सुटलेली, हातात आली. नवीन तार, कोळसा, मीठ, मजुरी धरून दोन हजारांच्या आत काम झालं आणि स्पीकर शांत झाले. फ्रिजचा शॉक लागायचा तोही गेला, वहिनी वर्षभर तेच सांगत होत्या.

तर घरघर असेल तर याच क्रमानं जा. चार्जर काढून बॅटरीवर ऐका. मग लॅपटॉप, डॅक, अँप्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. टीव्हीची केबल किंवा डिशची वायर अँप्लिफायरला जोडली असेल तर ती काढून ऐका, करंटला जमिनीत जायचे (अर्थिंगचे) दोन रस्ते झाले की हूं वाजू शकतं. अर्थिंग तपासून घ्या, परवानाधारक वायरमनकडून. एवढ्यानं नाही गेलं तर डॅकला ऑप्टिकल वायर लावता येते का बघा, तिच्यातून उजेड जातो, करंट जातच नाही, त्यामुळं लॅपटॉपचा कचरा पलीकडं पोचायला वाट राहत नाही. साधी ऑप्टिकल वायर काही शे रुपयांत मिळते. यूएसबी आयसोलेटर नावाची छोटी डबी येते, ती आकडे पुढं देते पण दोन्हीकडची विजेची जोडणी तोडते, तिचाही अशा वेळी खरा उपयोग होतो, म्हणजे बघा, प्रत्येक जोडवस्तू थोतांड आहे असं मी म्हणत नाही. रोग असेल तर औषध घ्या.

आणि प्लगची तिसरी पिन कापू नका. घरघर थांबते म्हणून काही जण सांगतात. घरघर थांबेल, पण अँप्लिफायरमध्ये बिघाड झाला तर करंट तुमच्या अंगातनं जमिनीत जाईल.

पायरी ६: उरलेला पैसा कुठं लावायचा

स्पीकर. बजेटचा मोठा वाटा तिथं, आणि घ्यायच्या आधी स्वतःची गाणी पेनड्राइव्हवर नेऊन ऐका. डॅकला फार खर्च करू नका, अ‍ॅपलचा टाइप-सी चा छोटा हेडफोन तुकडा, ज्याच्या पोटात डॅकच असतो, तो अमेरिकेत ९ डॉलरला मिळतो आणि मोजणी करणाऱ्यांनी तो मोजला तर सीडीला पुरेल इतका स्वच्छ निघाला.

मग खोली. आपल्याकडचे हॉल म्हणजे खाली शहाबादी नाहीतर टाइल्स, चारी बाजूंनी प्लॅस्टर, वर स्लॅब. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टण्ण करून शेपूट ऐकू आलं तर तुमच्या गाण्याला तेच शेपूट दर सुरामागं लागतंय. आमच्या १२ बाय १४ च्या खोलीत मी स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर आजीची वाकळ टांगली, चार लुगड्यांच्या थराची, चांगली जाड, आणि खाली सतरंजी. टाळीचं शेपूट गेलं. पाहुणे विचारतात ही काय कलाकुसर, मी सांगतो १४,००० चा स्विच. वाकळीनं वरचे सूर आवरतात, खालचा घुमारा नाही आवरत, त्यासाठी स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं ओढा आणि कोपरा सोडा. दोन स्पीकर आणि तुम्ही असा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण करा, वरचा छोटा भोंगा कानाच्या उंचीला आणा. हा फरक झाकून ऐकायची सुद्धा गरज पडत नाही, बायकोनं आतनं विचारलं, “काय बदललं आज?”

हौस असली तर रूम ईक्यू विझार्ड हा फुकटचा प्रोग्रॅम आणि मोजणीचा एक माइक घेऊन खोलीत कुठला सूर किती मोठा वाजतो त्याचा आलेख काढता येतो. तो बघून पहिल्यांदा धक्का बसतो. डॅकचा आलेख सरळ रेघ असते, खोलीचा सह्याद्री.

पायरी ७: घेऊन बसला असाल तर परत करा

मुदतीत असाल तर ‘बर्न-इन’ची (त्या २०० तासांची) वाट न बघता लगेच लेखी कळवा. फोनवर बोलू नका, मेल करा किंवा मेसेज करा, तारीख राहते. दाव्याचे स्क्रीनशॉट जोडा. कारण साधं लिहा: जाहिरातीत अमुक फरक पडेल म्हटलं होतं, तो पडत नाही. डबी, फोम, पिशव्या, मखमल सगळं जपून ठेवा, नाहीतर ‘पॅकिंग अपूर्ण’ म्हणून अडवतात.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, तिथं क्रमांक मिळतो तो लिहून ठेवा. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान मुंबईत का असेना, म्हणजे सांगलीकरानं सांगलीत, सातारकरानं साताऱ्यात. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. अर्ज ऑनलाइनही होतो. बिल तुमच्या नावावर असणं महत्त्वाचं, मित्राच्या नावावर ‘डिस्काउंट पडतो’ म्हणून घेतलेलं असलं तर इथं अडकता. बिलावर नुसतं ‘केबल’ लिहिलेलं चालवून घेऊ नका, मॉडेलचं पूर्ण नाव लिहून मागा.

माझा स्विच परत गेला, पैसे तेराव्या दिवशी आले. पॉवर सप्लायची मुदत संपली होती, तो ४,००० ला कोल्हापूरच्या एकाला विकला, चाचणीचा निकाल सांगूनच, तरी त्यानं घेतला. वायर कोणी घेईना. ती सध्या प्रिंटरला लावलीय, कारण प्रिंटरची साधी वायर डॅकला आहे आणि परत अदलाबदल करायला टेबलाखाली वाकायचा मला कंटाळा येतो.